रॅट टेलला रजा द्यावी का? रिकॉम्बिनंट कोलॅजेनची मुंबईतल्या लॅबसाठी पारख

रिकॉम्बिनंट कोलॅजेनची, म्हणजे जनुक दुसऱ्या जिवात घालून बनवलेल्या कोलॅजेन या प्रथिनाची, १० मिलिग्रॅमची एक बाटली. तिच्यात पेशी वाढवायच्या सहा वेलच्या (खळग्यांच्या) ३३ प्लेट्सचं कोटिंग होतं, किंवा १ मिग्रॅ/मिलीचं १० मिली जेल एकदा ओतलं की ती रिकामी. रिकॉम्बिनंट कोलॅजेन घ्यावं की नाही, याचं निम्मं उत्तर या हिशेबातच मिळतं. मिलिग्रॅममागे ते रॅट टेलच्या, म्हणजे उंदराच्या शेपटीतल्या कोलॅजेनच्या, कित्येक पट महाग पडतं. कोटिंगला परवडतं, जेलला खिसा कापतं. उरलेलं निम्मं उत्तर बाटलीच्या लेबलवर दडलेलं असतं, आणि तिथेच सगळ्यात जास्त फसगत होते.

ही पारख एखाद्या ब्रँडची नाही, बाजारात या नावाने मिळणाऱ्या मालाची आहे. ‘रिकॉम्बिनंट कोलॅजेन’ या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली खरी मानवी टाइप १ किंवा टाइप ३: पूर्ण लांबीची, तीन साखळ्यांचा पीळ असलेली, यीस्टमध्ये किंवा तंबाखूच्या झाडात बनवलेली. दुसरी म्हणजे मानवी कोलॅजेनचा एखादा तुकडा, बहुतेकदा तोच तोच जोडून लांबवलेला, ई. कोलाय किंवा यीस्टमध्ये काढलेला. तिसरी कोलॅजेनसारखी जिवाणूंची प्रथिनं, उदाहरणार्थ स्ट्रेप्टोकॉकसचं एससीएल२. चीनच्या औषध नियामकाने २०२१मध्ये या तिन्हींना वेगळी नावं ठरवून दिली: रिकॉम्बिनंट मानवी, मानवीकृत आणि कोलॅजेनसदृश. ‘मानवी’ आणि ‘मानवीकृत’ या दोन शब्दांत एका प्रत्ययाचा फरक, पण मालात जमीन-अस्मानाचा. फेस क्रीम आणि सीरमच्या जाहिरातींतलं ‘रिकॉम्बिनंट कोलॅजेन’ बहुतांशी दुसऱ्या जातीचं. ते वाईट असतं असं नाही, पण त्यावर हिपॅटोसाइट, म्हणजे यकृताच्या पेशी, वाढवायला घेऊ नये.

फरक पिळाचा आहे. कोलॅजेनच्या साखळीत दर तिसरा अवशेष ग्लायसीन. मधल्या जागी प्रोलीन आणि हायड्रॉक्सिप्रोलीन भरपूर. तीन साखळ्या एकमेकींभोवती गुंफल्या की ३०० नॅनोमीटर लांब आणि १.५ नॅनोमीटर जाड अशी काठी तयार होते. ही तिहेरी रचना १९५४मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली, त्यामुळे या रेणूबाबत आपल्याकडच्या माणसाने लेबल न वाचता माल घेणं जरा लाजिरवाणंच. हा पीळ टिकतो तो हायड्रॉक्सिप्रोलीनमुळे. प्रोलीनचं हायड्रॉक्सिप्रोलीन करणाऱ्या प्रोलिल ४-हायड्रॉक्सिलेज या एन्झाइमला लोह, ऑक्सिजन, २-ऑक्सोग्लुटारेट आणि क जीवनसत्त्व लागतं. ई. कोलाय आणि यीस्ट या दोघांकडे हे एन्झाइम नसतं. हायड्रॉक्सिलेशन झालंच नाही, तर टाइप १चा पीळ साधारण २४ अंश सेल्सियसला सुटतो. पूर्ण झालं असेल तर ३९-४०च्या आसपास. आता मे महिन्यातली मुंबई आठवा. एसी बंद असलेल्या खोलीत पारा ३२वर. म्हणजे असं अर्धवट कोलॅजेन इन्क्युबेटरपर्यंत पोहोचतच नाही, टेबलावरच त्याचं जिलेटिन होतं. पेशी त्यालाही चिकटतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण कोलॅजेन ओळखणारं अल्फा-२ बीटा-१ इंटिग्रिन हे पेशीवरचं प्रथिन जीएफओजीईआर हा सहा अमिनो आम्लांचा पट्टा पिळाच्या रूपातच धरतं, आणि त्यातला ‘ओ’ म्हणजे हायड्रॉक्सिप्रोलीन. जिलेटिनला पेशी चिकटतात ते वेगळ्या हुकांनी. सिग्नलिंगचा अभ्यास असेल तर इथेच निकाल वाकडा होतो.

म्हणून यीस्टमध्ये कोलॅजेनच्या जनुकाबरोबर मानवी हायड्रॉक्सिलेजचे अल्फा आणि बीटा हे दोन्ही भागही घालावे लागतात. पिकिया पास्टोरिस यीस्टमध्ये टाइप ३साठी ही जुळवणी फिनलंडच्या ऊलू विद्यापीठातल्या गटाने १९९७मध्ये दाखवली. इस्रायलमधल्या गटाने २००९मध्ये तंबाखूच्या झाडात एकदम पाच मानवी जनुकं घातली: टाइप १च्या दोन साखळ्या, हायड्रॉक्सिलेजचे दोन भाग, आणि लायसिल हायड्रॉक्सिलेज ३. बाजारातला खरा मानवी माल बहुतांशी या दोन वाटांनी आलेला दिसतो. दोन्हींत प्रोकोलॅजेनच्या टोकांचे तुकडे एन्झाइमने काढून टाकतात, त्यात बऱ्याचदा टेलोपेप्टाइड, म्हणजे पिळाच्या टोकांना असणारे छोटे न पिळलेले भागही जातात. म्हणजे हाती येतं ते अटेलोकोलॅजेन. जेलचा प्रश्न आला की हे पुन्हा आडवं येणार आहे.

माल हातात आला की सीओए, म्हणजे मालाचा विश्लेषण दाखला, आधी वाचावा. यजमान जीव कोणता, साखळी पूर्ण की तुकडा, टेलोपेप्टाइड आहेत की नाहीत, हायड्रॉक्सिप्रोलीन किती, एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या भिंतीतलं विष) दर मिलिग्रॅमला किती, आणि द्रावण कुठल्या आम्लात, एवढं तरी त्यात हवंच. ‘शुद्धता ९५ टक्के’ या एका ओळीचा काही उपयोग नाही. शुद्ध जिलेटिनही ९५ टक्के शुद्धच असतं.

कागदावर विश्वास नसेल, आणि तो नसलेलाच बरा, तर पेप्सिनची चाचणी करावी: हे पचवणारं एन्झाइम सुटलेल्या साखळ्या कापतं, शाबूत पीळ नाही. खर्च फार नाही. कोलॅजेन १ मिग्रॅ/मिली, १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात. त्यात पेप्सिन ०.१ मिग्रॅ/मिली, फ्रिजमध्ये ४ अंशांना रात्रभर. ही चाचणी टेबलावर करू नये, कारण मुंबईच्या खोलीचं तापमान हेच इथे गोंधळ घालतं. शेजारी एक नळी अशी ठेवावी, जिच्यातलं कोलॅजेन आधी ५० अंशांना अर्धा तास तापवून, थंड करून, लगेच पेप्सिन घातलंय. सकाळी पीएच ८च्या वर नेलं की पेप्सिन कायमचं मरतं. मग ६ टक्के एसडीएस-पेज, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारं जेल. पीळ शाबूत असेल तर पहिल्या नळीत अल्फा साखळीचा पट्टा जसाच्या तसा, तापवलेलीत जवळपास गायब. दोन्हींत गायब असेल तर आलेला माल जिलेटिन आहे, परत पाठवा.

हे जेल वाचताना दोन गोष्टी नवख्याला घाबरवतात. साखळीचं खरं वजन १०० किलोडाल्टनच्या आतबाहेर, पण नेहमीच्या मार्करशेजारी ती १३०च्या वर दिसते. कोलॅजेनची चालच तशी, त्यात भेसळ नाही. दुसरं, रॅट टेलमध्ये वर बीटा आणि गॅमाचे जाड पट्टे असतात, इथे ते नसतात. ते पट्टे म्हणजे लायसिल ऑक्सिडेज या एन्झाइमने प्राण्याच्या शरीरात आडवे दुवे घालून जोडलेल्या दोन-तीन साखळ्या. यीस्टच्या टाकीत ते दुवे कोण घालणार? टाइप १ म्हणून घेतलेल्या मालात अल्फा-२चा पट्टाच नसेल, तर तो तीन अल्फा-१चा पीळ आहे. तो निसर्गातही थोडा सापडतो, पण नेहमीच्या दोनास एक प्रमाणाचा नाही, हे मेथड्समध्ये लिहायला हवं.

प्रथिन मोजताना नॅनोड्रॉपवर (प्रकाशशोषण मोजणाऱ्या यंत्रावर) २८० नॅनोमीटरचं रीडिंग घेऊ नये. पिळाच्या भागात ट्रिप्टोफॅन नाही, टायरोसीन मोजकं. आकडा निव्वळ गोंगाट. ब्रॅडफर्ड ही रंगचाचणीही कमी दाखवते, निदान स्टँडर्ड म्हणून बीएसए (गाईचं अल्ब्युमिन) न घेता कोलॅजेनच घ्यावं. हायड्रॉक्सिप्रोलीनची चाचणी चांगली: ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांना रात्रभर, मग क्लोरामाइन-टी, एर्लिक रिएजंट आणि ५५०-५६० नॅनोमीटरला वाचन. पण तिथून कोलॅजेन काढायला जो साडेसात-आठचा गुणक वापरतात, तो सस्तन प्राण्यांच्या, पूर्ण हायड्रॉक्सिलेटेड कोलॅजेनचा आहे. हायड्रॉक्सिलेशन कमी असलेल्या रिकॉम्बिनंट मालाला तोच लावला की बाटलीत प्रथिन कमी भरलंय असं वाटतं, आणि पुरवठादाराशी नाहक भांडण होतं. भांडायचंच तर हायड्रॉक्सिलेशनवरून भांडावं.

आता वापर. कोटिंगला हा माल पैकीच्या पैकी गुण घेतो. ५० मायक्रोग्रॅम/मिलीचं द्रावण १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात करावं. सहा वेलच्या प्लेटमध्ये वेलला १ मिली, क्षेत्रफळ ९.५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या जरा वर. ९६ वेलमध्ये ५० मायक्रोलिटर पुरतं, तिथे ते ८च्या जवळ जातं. झाकण लावून तासभर, मग द्रावण काढून पीबीएस या खारट फॉस्फेट बफरने तीनदा धुवायचं. धुणं टाळलं तर उरलेलं आम्ल पेशींचं मीडियम पिवळं करतं आणि पहिल्या तासातच पेशी गोल होऊन तरंगतात. दोष कोलॅजेनवर येतो. पावसाळ्यात झाकण उघडं ठेवून प्लेट ‘वाळत’ घालण्याची सवय सोडावी. हवेत ओल इतकी की हूडबाहेर ती तासन्‌तास वाळत नाही, आणि तेवढ्यात बुरशीला आवतण जातं. पीडीएमएसच्या (सिलिकॉन रबराच्या) चिपवर मात्र नुसतं कोटिंग टिकत नाही. पृष्ठभाग पाणी झटकणारा असल्याने काही दिवसांत पेशींचा अख्खा पापुद्रा सुटून येतो. आधी प्लाझ्मा आणि त्यावर रासायनिक जोड हवा.

आम्लातलं कोटिंग म्हणजे सुट्या रेणूंची पातळ पुटी, तंतू नव्हेत. तंतू हवे असतील तर द्रावण उदासीन करून ३७ अंशांना ठेवावं लागतं, आणि तिथून जेलची गोष्ट सुरू होते. ती फारशी आनंदाची नाही.

रॅट टेलचा पाठ झालेला फॉर्म्युला असा: ३ मिग्रॅ/मिलीच्या साठ्यातून १ मिग्रॅ/मिलीचं १० मिली जेल करायचं तर कोलॅजेन ३.३३ मिली, १० पट पीबीएस १ मिली, १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड (पुढे नुसता ‘सोडा’) ०.०७७ मिली, पाणी ५.५९ मिली. सोड्याचा आकडा कोलॅजेनच्या आकारमानाला ०.०२३ने गुणून आलेला, कारण रॅट टेल ०.०२ मोलर अॅसेटिक आम्लात येतं. बराचसा रिकॉम्बिनंट माल १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात येतो. त्याला सोडा लागतो निम्म्याहून कमी, ०.०३३ मिली. डोळे झाकून ०.०७७ घातला तर १० मिलीत ४ मिलिमोलरहून जास्त अल्कली फुकट उरते. पीबीएसमध्ये तिला झेलायला नेहमीच्या कृतीप्रमाणे डायहायड्रोजन फॉस्फेट जेमतेम १.८ मिलिमोलर. पीएच १०च्या पार जातो, तंतू बनत नाहीत, आणि वहीत नोंद होते की ‘रिकॉम्बिनंट कोलॅजेन जेल होत नाही’. या मालाबद्दलच्या तक्रारींतलं एक मोठं कारण हेच असावं. सोडा थेंबाथेंबाने घालावा आणि पट्टीवर ७.२ ते ७.४ दिसला की थांबावं. १० पट पीबीएसऐवजी फिनॉल रेड असलेलं १० पट डीएमईएम घेतलं तर रंगच सांगतो: पिवळा गेला, फिकट गुलाबी आला, की बास. गडद गुलाबी म्हणजे हात सुटला.

सगळं बर्फात करायचं, नुसतं ‘थंड’ नव्हे. नळ्या, टिप्स, पीबीएस, पाणी, सगळं आधीपासून बर्फावर. ३० अंशांच्या खोलीत उदासीन केलेलं कोलॅजेन टिपमध्येच तंतू धरू लागतं आणि जेलमध्ये गाठी पडतात. व्होर्टेक्स अजिबात नको, फेसाचे बुडबुडे जेलमध्ये कायमचे अडकतात. रुंद तोंडाच्या टिपने हळू खालीवर करावं.

एवढं सांभाळूनही जेल रॅट टेलपेक्षा मऊ आणि उशिरा बनतं. टेलोपेप्टाइड नसले की तंतू जुळायला वेळ लागतो, आडवे दुवे नसले की ताठपणा येत नाही. रॅट टेलला पुरणाऱ्या ३०-४५ मिनिटांवर भिस्त ठेवू नये. ४०५ नॅनोमीटरला गढूळपणाचा आलेख एकदा काढून आपल्या लॉटची वेळ ठरवावी. फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या पेशी) जेल आकसवतात त्या प्रयोगात तर जुन्या आकड्यांशी तुलना होऊच शकत नाही. ताठपणा हवाच असेल तर ईडीसी-एनएचएस या जोडणाऱ्या रसायनांनी दुवे घालावेत, एमईएस बफरमध्ये, पीएच ५.५च्या आसपास. ट्रिस बफर वापरला तर त्याचा अमाइनच सगळं ईडीसी खाऊन टाकतो. पण हे जिवंत पेशी घालण्याआधीचं काम आहे. पेशी आत मिसळून करायच्या जेलला ते चालत नाही. तिथे आमचं मत सरळ आहे: रॅट टेल वापरा.

अपवाद बायोप्रिंटिंगचा. झाडात बनलेल्या मानवी कोलॅजेनवर मेथाक्रिलेट बसवलेली शाई प्रकाशाने घट्ट होते, त्यामुळे उदासीन करण्याची कसरत टळते. जेलएमए, म्हणजे मेथाक्रिलेट बसवलेलं जिलेटिन, मुंबईच्या खोलीत पातळ होऊन नोझलमधून सांडतं; त्याला थंड नोझल लागतंच. कोलॅजेनच्या शाईचं घट्ट होणं खोलीच्या तापमानावर फारसं अवलंबून नाही, आणि हा फायदा पुण्या-बेंगळुरूपेक्षा इथे जास्त जाणवतो.

आता दोन खड्डे, जे विकणारा सांगत नाही. मानवी फायब्रोब्लास्ट स्वतः किती कोलॅजेन बनवतात हे पाहायचं असेल, तर रॅट टेलवर मानवी कोलॅजेनची निवडक अँटिबॉडी लावून नवं आणि जुनं वेगळं करता येतं. रिकॉम्बिनंट मानवी कोलॅजेनवर ती सोय संपते. अख्खी प्लेट चमकते. तिथे मीडियममधलं प्रोकोलॅजेनचं सी-टोकाचं पेप्टाइड एलायझा या अँटिबॉडी-चाचणीने मोजावं, कारण विकत घेतलेल्या कोलॅजेनमध्ये ते टोक कापलेलं असतं. दुसरा खड्डा एंडोटॉक्सिनचा. ई. कोलायच्या मालावर मॅक्रोफेज किंवा डेन्ड्रिटिक या रोगप्रतिकारक पेशी ठेवल्या तर टीएनएफ हा दाहाचा संकेत वाढतो आणि श्रेय कोलॅजेनला मिळतं. यीस्टच्या मालात लिपोपॉलिसॅकराइड (म्हणजेच हे एंडोटॉक्सिन) नसलं तरी यीस्टच्या भिंतीतला बीटा-ग्लुकान असू शकतो, आणि एंडोटॉक्सिन मोजणारी साधी एलएएल चाचणी त्यालाही हो म्हणते. ग्लुकान रोखणारा बफर घालून चाचणी केली आहे का, हे विचारावं.

विक्रीच्या स्लाइड्सवर कॉर्नियाचा फोटो हमखास असतो, म्हणून तेवढंही स्पष्ट करू. यीस्टमधल्या मानवी टाइप ३पासून केलेले कॉर्निया स्वीडनमध्ये १० रुग्णांना बसवले गेले, दोन वर्षांचे निष्कर्ष २०१०मध्ये आले. रुग्णांच्या स्वतःच्या पेशी आणि नसा त्यात वाढल्या. हे खरं आणि मोठं काम. पण २०२२मध्ये गाजलेलं भारत आणि इराणमधल्या २० रुग्णांचं काम डुकराच्या कातडीतल्या कोलॅजेनचं होतं. ते रिकॉम्बिनंटच्या खात्यात कुणी मांडत असेल तर तिथेच टोकावं.

मागवताना मुंबईपुरतं एवढं पाहावं. द्रावण आणि पावडर दोन्ही मिळत असतील तर पावडर घ्यावी. सहारच्या विमानतळ कार्गोत कागदासाठी दोन दिवस अडकलं तरी ती सहसा तग धरते. द्रावणाच्या खोक्यातले जेल पॅक तोवर कोमट होतात. द्रावणच हवं असेल तर तापमानाची नोंद ठेवणारा लॉगर खोक्यात मागावा, शुक्रवारी पाठवू नका असं ऑर्डरवरच लिहावं, आणि गणपतीचा आठवडा टाळावा. परळच्या संस्थांनी जुलैत आणखी एक दिवस धरावा. हिंदमाताला पाणी भरलं की डिलिव्हरीवाला दादरहूनच परत फिरतो.

पावडरची बाटली फ्रीझरमधून काढली की लगेच उघडू नये. सिलिका जेल असलेल्या डेसिकेटरमध्ये तासभर ठेवून खोलीच्या तापमानाला आली की मग झाकण काढावं, नाहीतर आत दव जमतं आणि कापसासारखा तो पुंजका काचेला चिकटून बसतो. त्यातलं थोडं वजन करून घेण्याच्या फंदात पडू नये: ओल शोषली की वजन चुकतं, आणि स्थिर विजेने अर्धा कण हातमोज्यावर जातो. अख्खी बाटली थंड १० मिलिमोलर आम्लात ४ अंशांना रात्रभर, हळू डोलवत, विरघळवावी. माल निर्जंतुक नसेल तर ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर जाड द्रावणाला लावू नये, प्रथिन त्यातच राहतं. त्यापेक्षा काचेच्या बाटलीत तळाशी दहाव्या हिश्शाचा क्लोरोफॉर्म सोडून, न हलवता, थंडीत रात्रभर ठेवावा आणि हूडमध्ये वरचं द्रावण अलगद उचलावं. काचेच्याच, कारण पॉलिस्टायरीनची नळी क्लोरोफॉर्ममध्ये विरघळते. तयार द्रावण २ ते ८ अंशांना, गोठवू नये. आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिज असेल तर मागच्या भिंतीपासून लांब, मधल्या कप्प्यात, कारण त्या भिंतीला टेकलेल्या नळ्यांत बर्फ धरतो आणि त्या लॉटचं जेल नंतर गुठळ्यांचंच होतं.